गुरांमागच्या लेकरांची शाळा : ताराबाई मोडक

अंगणवाडी हा शब्द माहीत नाही, असा माणूस आज आपल्या जिल्ह्यात सापडायचा नाही. सेनगावापासून वसमतपर्यंत कुठल्याही गावात जा, मारुतीच्या पारापाशी, समाजमंदिरात नाहीतर जिल्हा परिषद शाळेच्या आवारात अंगणवाडीची खोली असतेच. लेकराचं वजन तिथंच, लस तिथंच, खाऊही तिथंच. सरपंचापासून सालगड्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी हा शब्द आहे. पण तो आला कुठून, असं विचारलं तर बहुतेक जण सरकारी योजनेचं नाव सांगतील. योजना खरी आहे, २ ऑक्टोबर १९७५ ला देशभरातल्या ३३ प्रकल्पांतून ती सुरू झाली. मात्र अंगणवाडी त्याच्या ३० वर्षं आधीची. ती कुठल्या मंत्रालयात जन्मली नाही. त्या वेळच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यात, समुद्राकाठच्या बोर्डी गावी, गोरगरिबांच्या वस्तीतल्या सारवलेल्या अंगणात ती जन्मली. तिची कर्ती बाई म्हणजे ताराबाई मोडक.

वाचकहो, आज या बाईंची हकीगत सांगायची आहे. अंगणवाडीबद्दल थोडं सांगेन, पण त्यांनी नंतर जो दुसरा उद्योग मांडला त्याबद्दल जास्त. तो उद्योग तुमच्या-आमच्या गायरानाशी जवळचा आहे. त्याचं नाव कुरणशाळा. जी पोरं ढोरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, त्यांच्यासाठी शाळाच रानात नेण्याचा हा खटाटोप होता.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचे, त्यामुळे मुलीला शिकवायचे की नाही हा प्रश्नच त्या घरात नव्हता. त्या काळात मुलगी चौथी शिकली तरी गावात बोलबाला व्हायचा. ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. म्हणजे बाई काही वर्षं आपल्या शेजारी वऱ्हाडात नांदल्या. संसार मात्र टिकला नाही. १९२१ मध्ये दोघे वेगळे झाले. शंभर वर्षांपूर्वी पदरी लहान मुलगी असताना घर सोडून स्वतःच्या पायावर उभं राहायचं, म्हणजे काय सोसावं लागलं असेल, हे आपल्या गावातली परित्यक्ता बाई चांगलं सांगू शकेल. त्यावर अधिक लिहीत नाही.

राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य म्हणून त्यांना नोकरी मिळाली. पगार चांगला, मान मोठा. ती नोकरी सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गेल्या, आणि तिथून पुढे त्यांच्या आयुष्याला खरी दिशा लागली. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ लहान मुलांचे बालमंदिर चालवत होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःला मुलगा झाला तेव्हा त्याला कुठल्या शाळेत घालावे या विचाराने ते बेचैन झाले, आणि विचार करता करता वकिलीच सोडून बसले. गुजरातेत लोक त्यांना मिशीवाली आई म्हणत. नाव गमतीचे आहे, पण त्यात माणूस पुरता येतो. १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर काढले. तिथे छडी नव्हती, पाठांतराचा धोशा नव्हता. गोष्टी होत्या, गाणी होती, बाग होती, मातीकाम होते.

या सगळ्याच्या मुळाशी इटलीच्या डॉ. मारिया मॉन्टेसोरी यांचा विचार होता. या डॉक्टरबाईंनी १९०७ मध्ये रोम शहरातल्या एका गरीब वस्तीत लहान मुलांचे घर उघडले. मूल हाताने, डोळ्याने, कानाने शिकते, त्याला गप्प बसवून शिकवता येत नाही, हे त्यांनी करून दाखवले. त्यासाठी लाकडाचे दट्टे, मणी, खरखरीत कागदाची अक्षरे असे खास साहित्य त्यांनी तयार केले. मूल अक्षरावरून बोट फिरवते, मणी मोजते, लहानमोठे दट्टे बरोबर खाचेत बसवते आणि चूक झाली तर आपली आपण सुधारते. ही पद्धत गिजुभाई आणि ताराबाई यांनी आपल्याकडे रुजवली. दोघांनी मिळून शिक्षणावर लिहिले, शिक्षण पत्रिका चालवली, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. एक मराठी बाई गुजरातीत लिहिते, शिकवते, शिक्षक तयार करते, हे तिथे कुणाला परके वाटले नाही.

भावनगरात ९ वर्षं काढून ताराबाई मुंबईला परत आल्या. १९३३ पासून शिक्षण पत्रिका मराठीतून निघू लागली. १९३६ मध्ये दादरला त्यांनी शिशुविहार काढला. तो लवकरच नावारूपाला आला. शहरातल्या शिकलेल्या घरातली मुले येत, पालक फी देत, साहित्य विकत आणता येई. बाई तिथेच थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव शिक्षणाच्या इतिहासात राहिले असते. पण एक गोष्ट त्यांना टोचत होती. मॉन्टेसोरीबाईंनी ज्या मुलांसाठी हे सगळे सुरू केले ती गरिबाची मुले होती. आपल्या देशात मात्र ही शाळा श्रीमंतांच्या पोरांची होऊन बसली. आजही बघा, हिंगोलीत किंवा वसमतला मॉन्टेसोरी अशी पाटी दिसली की आपण काय समजतो? फी जास्त असणार, एवढंच.

दुसरीकडे देशात खेड्याच्या शिक्षणाचा विचार सुरू झाला होता. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद घेऊन नई तालीमची मांडणी केली. हाताने काम करत शिकायचे, चरखा, शेती, बागकाम यांतून अक्षर आणि आकडे शिकायचे, असा तो विचार. शाळेच्या वयाआधीच्या मुलांचा प्रश्न त्यात पुढे आला. खेड्यातल्या अडीच-तीन वर्षांच्या लेकराचं काय? आई पहाटे मजुरीला जाते, मोठी बहीण पाठच्या भावंडाला कडेवर घेऊन हिंडते. त्या बहिणीची शाळा तिथंच संपते.

बोर्डीचे अंगण

२४ डिसेंबर १९४५ रोजी ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तेव्हा त्यांचे वय ५३ होते. आपल्याकडे या वयात माणूस पोरांच्या हाती शेतीचा कारभार देऊन पारावर बसायला लागतो.

ते वर्षही साधे नव्हते. डहाणू, उंबरगाव, तलासरी भागातला वारली समाज त्याच १९४५ मध्ये जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध उठला होता. गवत कापण्याच्या मजुरीवरून संप झाले, गोळीबार झाला, माणसे मेली. गोदावरी परुळेकर त्या लढ्याच्या पुढे होत्या. तिकडची कुरणं म्हणजे जमीनदारांची गवताची रानं. तिथलं गवत मुंबईकडे विकलं जाई आणि कापणारा उपाशी राही. (आपल्याकडे तेव्हा निजामाचं राज्य होतं, आणि मुक्तीला अजून पावणेतीन वर्षं होती. आपल्या भागातल्या वेठीच्या गोष्टी जुन्या माणसांनी सांगितलेल्या तुम्हीही ऐकल्या असतील.) एका बाजूला मजुरीचा लढा चालू असताना दुसऱ्या बाजूला ताराबाई त्याच माणसांच्या लेकरांसाठी बालवाडी मांडून बसल्या. या दोन कामांचे मार्ग वेगळे होते. पण मला वाटतं दोन्ही कामं एकाच दुखण्यावरची होती.

बोर्डीला त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. या पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या, जन्म १७ मार्च १९१०. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आले. पुढे शिकून त्या शिक्षिका झाल्या आणि पुण्याची नोकरी सोडून बोर्डीला आल्या. ताराबाई विचार करणाऱ्या आणि अनुताई तो विचार पायी चालवत वस्तीवर नेणाऱ्या, असे या जोडीचे वर्णन केले तर ते फारसे चुकीचे होणार नाही.

केंद्र सुरू झाले, पण मुलेच येईनात. गावातली चार बरी घरं सोडली तर बाकीचं कुणी फिरकेना. शहरी लुगड्यातली बाई दिसली की वस्तीवरची पोरं पळून जायची. अंगावर धड कपडा नाही, डोक्यात उवा, अंगाला खरूज. आईबापांना बालवाडी म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. शिवाय गरीब वस्तीतलं पोर गावातल्या चांगल्या इमारतीत जायला भीत होतं. ती भीती कुठून येते हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या कुणी अशा वेळी अहवालात लिहिले असते की पालक उदासीन आहेत. ताराबाईंनी वेगळे केले. मूल येत नाही तर आपण त्याच्या अंगणात जायचे, असे ठरले. वस्तीतच एखादे अंगण झाडून घ्यायचे, तिथेच पोरांचे हातपाय धुवायचे, नखे कापायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. आई समोरच दळते आहे, निवडते आहे, ती काम करता करता बघते. म्हातारी उंबऱ्यात बसून ऐकते. मूल परक्या जागी नसल्यामुळे रडत नाही. हीच अंगणातली बालवाडी, म्हणजे अंगणवाडी. आपल्या भागात वाडी म्हणजे छोटी वस्ती. तिकडे समुद्रकाठी वाडी म्हणजे बागही. डहाणूकडे चिकूच्या वाड्या असतात. जर्मनीत फ्रोबेल नावाच्या शिक्षकाने १८४० मध्ये आपल्या शाळेला मुलांची बाग असे नाव दिले होते, तेच किंडरगार्टन. बालवाडी, अंगणवाडी हे शब्द त्याच जातीचे आहेत. फरक इतकाच की किंडरगार्टनची आपल्याकडे के.जी. झाली आणि त्यातली बाग कधीच वाळून गेली.

साहित्याचा प्रश्न होता. मॉन्टेसोरीचे लाकडी सामान महाग, ते खेड्याला परवडणारे नव्हते. बोर्डीला समुद्र होता, तेव्हा शंखशिंपले आले. खडे, बिया, पाने, फुले, काटक्या, बांबूचे तुकडे, नारळाच्या करवंट्या, माती हे सगळे शिकण्याचे सामान झाले. लहानमोठे ओळखायला शिंपले, मोजायला बिया, रंगांना फुले, आकारांना पाने. दाम लागत नव्हता, डोकं लागत होतं. हीच गोष्ट आपल्याकडे करायची तर? चिंचोके आहेत, सागरगोटे आहेत, पळसाची पानं आहेत, कायाधूच्या पात्रातले गोटे आहेत. ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी आपण सगळ्यांनी लहानपणी केली. तिला चाकं किती, दांडी केवढी, बैल किती अंतरावर जुंपायचे, हा सगळा हिशेब आपण त्यात शिकलो, फक्त त्याला गणित म्हणतात हे कुणी सांगितलं नाही. पोळ्याला मातीचे बैल करणारं पोर हाताने काय शिकतं, हे मॉन्टेसोरीबाईंना चटकन कळलं असतं.

कोसबाडची कुरणशाळा

१९५७ च्या सुमारास हे काम बोर्डीहून डहाणू तालुक्यातल्याच कोसबाडच्या टेकडीवर गेले. इथली वस्ती वारल्यांची, पाडे विखुरलेले, एका पाड्यात चार घरे तर दुसऱ्यात दहा. ताराबाई आता ६५ वर्षांच्या होत्या. इथे त्यांनी विकासवाडी नावाने एक आखणी केली. तान्ह्या मुलांचा पाळणाघर, त्यापुढच्यांची बालवाडी आणि मोठ्यांची प्राथमिक शाळा, हे सगळे एकाच आवारात. कारण उघड आहे. धाकटे भावंड सांभाळायची जबाबदारी असलेली मुलगी शाळेत यायची तर तिच्या कडेवरच्या लेकराची सोय आधी हवी. एक प्रश्न सोडवायला गेलं की त्याला चिकटलेले दोन सुटावे लागतात, हे शेतकऱ्याला माहीत असतं. नुसती विहीर खोदून भागत नाही.

पाळणाघर झाले, बालवाडी झाली, तरी शाळेच्या पटावरची सात-आठ वर्षांपुढची मुले गैरहजरच. चौकशी केली तर ती गुरांमागे गेलेली. काही जण घरची ढोरं राखत होते, काही दुसऱ्याची. पोर शाळेत बसले तर गुरे कोण राखणार, आणि राखली नाहीत तर खायचे काय, असा घरच्यांचा सवाल. तो बरोबरच होता. घटनेने १४ वर्षांपर्यंतच्या मुलांना सक्तीचे मोफत शिक्षण देण्यासाठी राज्यांना १० वर्षांची मुदत घालून दिली होती. ती १९६० मध्ये संपली. पण कायद्याची मुदत संपली म्हणून गाय स्वतःहून दाव्याला येऊन उभी राहत नाही.

तेव्हा दोघी बायांनी पुन्हा तोच न्याय लावला. मूल कुरणात आहे, शाळा कुरणात न्यायची. शिक्षकाने पाट्या, पुस्तके, चित्रे असे हलके सामान घेऊन गुराख्यांच्या मागे रानात जायचे. ढोरं चरायला लागली की झाडाच्या सावलीत पोरांना गोळा करायचे. गाणे, गोष्ट, मग लिहिणे, वाचणे, हिशेब. ढोरं उधळली तर उठायचे, वळवून आणायची, परत बसायचे. घंटा नाही, भिंत नाही, वेळापत्रक ढोरांच्या चरण्यावर.

आता तुम्ही म्हणाल, असं कुठं शिक्षण होतं का? पोराचं एक लक्ष ढोरात, एक पाटीत. शिवाय शेजारच्या वावरात ढोर घुसलं तर भांडण कोण निस्तरणार? शंका रास्त आहे. खोलीतल्या शाळेत जितकी पानं उलटतात तितकी तिथं उलटत नसतील, हे मान्य करू. पण दुसऱ्या पारड्यात काय पडलं तेही बघा. जे पोर शून्य शिकत होतं ते लिहू-वाचू लागलं, आणि शाळा ही आपल्याला मारायला बसलेली नाही हे त्याला कळलं.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. गुराख्याच्या पोराला काय कमी माहिती असते? कुठला पाला शेळी खाते आणि कुठल्याला तोंड लावत नाही, हे त्याला ठाऊक. वैशाखात कुठल्या ओढ्याच्या डोहात पाणी राहतं ते त्याला ठाऊक. टिटवी कुठं अंडी घालते, पाऊस यायच्या आधी मुंग्या काय करतात, कुठल्या झाडाचा डिंक, कुठल्याची साल, कुठल्याचा काटा. घुंगराच्या आवाजावरून गाय कुठं आहे हे तो न बघता सांगतो. एवढं भांडार घेऊन तो शाळेत येतो तेव्हा तिथं पहिल्या दिवशी त्याला जे विचारलं जातं ते त्याच्या ऐकण्यात कधी आलेलं नसतं. दोन महिन्यांत तो ढ ठरतो, वर्षभरात शाळा सोडतो. कुरणशाळेत उलट झाले. तिथे पोर मालक आणि शिक्षक पाहुणा. झाडाचे नाव पोराने सांगायचे, ते लिहायचे कसे हे शिक्षकाने सांगायचे. गुरे मोजता मोजता बेरीज-वजाबाकी, सावली बघता बघता दिशा आणि वेळ, माती-दगडावरून भूगोल. वारली मुलांची बोली वेगळी होती, तिची लाज वाटायचं कारण रानात नव्हतं. शहाणपण त्याच्याकडे आधीच होते. शाळेने त्याला अक्षर जोडून दिले, एवढाच व्यवहार.

रवींद्रनाथ टागोरांनीही १९०१ पासून शांतिनिकेतनात झाडाखाली वर्ग भरवले. त्यांचे नाव जगभर झाले, ते योग्यच आहे. पण तिथे मुले शिकण्यासाठी झाडाखाली येत होती. कोसबाडला मुले पोटासाठी आधीच झाडाखाली होती आणि शाळा शोधत शोधत त्यांच्यापर्यंत गेली. हा फरक मला लहान वाटत नाही.

आपल्याकडचे काय

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर कुणी भलता अर्थ काढेल. कुरणशाळा ही त्या काळची, त्या अडचणीतली वाट होती. पोरानं ढोरंच राखावीत आणि जमलं तर शिकावं, असं ताराबाईंचं म्हणणं नव्हतं. त्यांची सगळी धडपड मूल शाळेपर्यंत यावं यासाठीच होती. आता तर २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे, १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे, ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाचा तो हक्क आहे. घरच्या कामाला पोरगं हाताशी लागलं तर कायदा शाळेचा वेळ सोडूनच ते चालवून घेतो. तेव्हा कुरणशाळेचा दाखला देऊन पोराला गायरानात धाडू नका.

पण ताराबाईंचा मूळ न्याय अजून जुना झालेला नाही. शाळेने मुलाकडे जायचं की मुलाने शाळेकडे, हा प्रश्न आज पुन्हा आपल्या दारात आहे. कमी पटाच्या शाळांऐवजी लांब एक मोठी समूह शाळा करायची आणि मुलांना गाडीने न्यायचं, असे प्रस्ताव शासनाने २०२३ मध्ये मागवले होते. त्यावर राज्यभर वाद झाला. मोठ्या शाळेत खेळाचं मैदान असेल, प्रयोगशाळा असेल, सगळ्या विषयांना शिक्षक असतील, हे खरं आहे. एका शिक्षकाने चार वर्ग सांभाळायचे ही कसरत आपण बघतोच. पण सेनगाव किंवा औंढ्याच्या डोंगराळ बाजूच्या तांड्यावरची सात वर्षांची पोर, पावसाळ्यात ओढ्याला पाणी असताना, गाडीची वाट बघत रस्त्यावर उभी राहील काय? आणि गाडी आठ दिवस आलीच नाही तर ती कुणाच्या मागे जाईल? कायद्यात पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं धरलं आहे, ते उगीच नाही. शाळा व्यवस्थापन समितीत जे बसतात त्यांनी ठरावावर सही करण्याआधी हे अंतर एकदा पायी चालून बघावं.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचंही तसंच आहे. दिवाळीनंतर कोयता घेऊन बिऱ्हाड निघालं की लेकरं बरोबर जातात. काही कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या त्यामागे कुरणशाळेचाच विचार होता, मूल जिथं आहे तिथं शाळा. जिथं त्या बंद पडल्या किंवा निघाल्याच नाहीत, तिथं गावात आजी-आजोबांजवळ मूल ठेवून घेण्याची सोय करणं हे पंचायतीच्या हातातलं काम आहे. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला दहा टक्के हिस्सा महिला व बालकल्याणासाठी असतो. तो कुठं जातो हे ग्रामसभेत विचारायला कुणाची बंदी नाही.

आणि जी मुलं रोज शाळेत येतात त्यांचं? त्यांचा प्रश्न उलटा झाला आहे. ती खोलीत आहेत, पण रान त्यांच्या हातून सुटत चाललंय. शेतकऱ्याचं पोरगं असूनही त्याला हळदीचा गड्डा आणि अंगठा यांतला फरक सांगता येत नाही, असं दिसू लागलंय. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी वर्षातले दहा दिवस दप्तराविना असावेत असं म्हटलं आहे. शालेय पोषण आहारासाठी शाळेत परसबाग करा असंही शासन सांगतं. कागदावर दोन्ही गोष्टी चांगल्या. पण दप्तराविना दिवस म्हणजे शाळेच्या पटांगणात रांगेत बसवून भाषण, आणि परसबाग म्हणजे तपासणीच्या आदल्या दिवशी रोवलेली मेथी, असं व्हायला वेळ लागत नाही. त्यापेक्षा हळद काढणीच्या हंगामात मुलांना एखाद्या आखाड्यावर न्यावं. हळद शिजवतात कशी, वाळल्यावर वजन किती घटतं, क्विंटलला खर्च किती आणि बाजारात भाव किती, हे तिथं बसून पाटीवर मांडावं. पोराचा बापच तिथं शिक्षक होईल. गुरुजींना फक्त ऐकून घेण्याची तयारी लागेल. येलदरी, सिद्धेश्वरचं पाणी कुठून येतं, कॅनॉलनं कुठं जातं, हे शिवारात उभं राहून दाखवलं तर भूगोलाचं पुस्तक आपोआप उघडेल.

याला पैसा लागत नाही. जागा मात्र लागते. कोसबाडला कुरण होतं म्हणून कुरणशाळा झाली. आपल्या गावाच्या सात-बाराला गायरान म्हणून किती एकर दिसतं आणि प्रत्यक्ष किती उरलं आहे, हे तलाठ्याला विचारा. त्या जमिनीवर कुणी पोट भरण्यासाठी बसलं आहे, कुणी नुसतंच बळकावून बसलं आहे, त्या भानगडीत इथं शिरत नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. शाळेशेजारचा पाव एकर तुकडा तरी मुलांसाठी झाडाखाली राखला जावा, एवढं ग्रामसभेत बोलायला हरकत नसावी.

असो. पुन्हा ताराबाईंकडे वळू. १९६२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. कोसबाडला शिक्षक, कार्यकर्ते, अधिकारी येऊन काम पाहून जाऊ लागले. बाईंचे वय झाले, तब्येत खालावली, तरी लिहिणे आणि शिक्षिका तयार करणे चालूच होते. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अंगणवाडीची सरकारी योजना देशभर आलेली बघायला त्या राहिल्या नाहीत, ती त्यानंतर दोन वर्षांनी आली. योजनेत पोषण आहार आला, लसीकरण आले, आणि ते फार गरजेचे होते. कुपोषणाने मरणाऱ्या लेकराला आधी खायला पाहिजे, गाणं नंतर. पण ताराबाईंच्या अंगणात जी माती, बिया आणि गोष्टी होत्या त्या रजिस्टरांच्या ढिगाखाली किती उरल्या, हे आपल्या गावच्या अंगणवाडी ताईंनाच विचारावं. त्या बिचाऱ्या मानधनावर राबतात. मतदार यादीपासून सर्वेक्षणापर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात येतं.

ताराबाई गेल्यावर कोसबाडचे काम अनुताई वाघ यांनी पुढे नेले. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९८५ मध्ये जमनालाल बजाज पुरस्कार. टेकडीवरच्या त्या दिवसांच्या आठवणी त्यांनी 'कोसबाडच्या टेकडीवरून' या पुस्तकात लिहून ठेवल्या आहेत. तालुक्याच्या वाचनालयात मिळालं तर शिक्षकांनी आणि अंगणवाडी ताईंनी जरूर वाचावं. भाषा सोपी आहे. अनुताई २७ सप्टेंबर १९९२ रोजी गेल्या. बोर्डीला आल्यापासून जवळपास ४७ वर्षे त्यांनी त्याच एका तालुक्यात, वारल्यांच्या पाड्यांवर चालत काढली.